सरासरी समाधानकारक आहे

मराठवाड्यातला सगळ्यात सुखी जीव कोण, असं कुणी विचारलं तर बेधडक सांगावं: सरासरी. तिचं सोयाबीन कुजत नाही, तिचा बोअर आटत नाही, तिला पीककर्ज लागत नाही आणि विम्याच्या हेल्पलाइनवर तिला ताटकळावं लागत नाही. जुलैत पाऊस दडी मारतो, सप्टेंबरात एका रात्रीत रान धुऊन नेतो, आणि मग पत्रक निघतं की यंदा पाऊस सरासरीइतका झाला, स्थिती समाधानकारक आहे. जुलै करपला हे खरं, सप्टेंबर वाहून गेला हेही खरं. दोघांची बेरीज करून भागाकार केला की उरतं ते समाधान.

सरासरीला शिव्या घालायचा विचार मात्र नाही. सरासरी काढणं हे चोख शास्त्र आहे. अगदी येलदरीत, धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात ते गुपचूप काम करतं. फरक एवढाच, की तिथे सरासरी चुकली तर लोखंड तापतं. कचेरीत चुकली तर फक्त शेतकरी तापतो.

येलदरीचं धरण पूर्णा नदीवर, जिंतूर तालुक्यात. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, एकूण साडेबावीस. जनित्राचा स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, बाहेरून पाहिला तर पोलादाचा एकसंध ठोकळा वाटतो. तो एकसंध नसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पत्रे, प्रत्येक पत्र्यावर वार्निशचा पातळ लेप, आणि असे हजारो पत्रे एकावर एक दाबून बसवलेले. अखंड पोलाद वापरलं असतं तर सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणाऱ्या चुंबकक्षेत्रामुळे त्याच्या पोटात विजेचे भोवरे फिरले असते, आणि पूर्णेच्या पाण्याची बरीच कमाई गाभा तापवण्यातच गेली असती. पत्रे पाडले की चुंबकत्व पत्र्याच्या लांबीने आरामात धावतं, आडवी जाऊ पाहणारी वीज वार्निशपाशी अडते.

पुढचा भाग महत्त्वाचा. जनित्राचा आराखडा करणारा अभियंता हे हजारो पत्रे एकेक करून हिशेबात धरत नाही. तो कागदावर पत्रे पुसून टाकतो आणि त्यांच्या जागी एक काल्पनिक, एकजिनसी पदार्थ ठेवतो. त्या पदार्थाचे आकडे दिशेप्रमाणे वेगळे: पत्र्याच्या बाजूने एक, आडवे दुसरे. असा पदार्थ कुठल्याही खाणीत सापडत नाही, तरी हिशेब तंतोतंत जुळतो. माणसाने रचलेल्या पदार्थाला एकजिनसी मानून चालण्याची ही विद्या. अलीकडच्या काळात तिला मेटामटेरिअल वगैरे झगमगीत नावं मिळाली, पण येलदरीचे पत्रे त्याच घराण्यातले.

ही लबाडी चालते, कारण तिला एक अट आहे आणि अभियंता ती पाळतो. पत्रा पातळ हवा. पण कशाच्या मानाने पातळ? ५० हर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी ६,००० किलोमीटर. ती मोजपट्टी धरली तर हातभर जाडीचा पत्राही पातळच ठरेल, आणि संच तापून बंद पडेल. खरी मोजपट्टी पोलादाच्या आतली: चुंबकक्षेत्र त्यात किती खोल शिरतं ती. या पोलादात ती खोली एका मिलिमीटरच्याही आत. पत्रा तिच्यापेक्षा पातळ असेल तरच सरासरी खरी. म्हणजे सरासरी काढणाऱ्याने आधी सांगायला हवं की मोजपट्टी कुणाची घेतली.

अट मोडली की काय होतं ते बघायला वीजघरात जायची गरज नाही. विहिरीवरच्या मोटारीतही हेच पत्रे असतात. मोटार जळते, वायंडिंगला जाते. घाईत असलेला कारागीर जुनी तार काढायला गाभ्यावर सरळ जाळ धरतो. तार निघते, पण पत्र्यांमधला लेपही जळतो. पत्रे एकमेकांना चिकटतात. आता गाभा खरोखरच एकसंध झाला! नवी वायंडिंग भरून मोटार घरी येते, करंट जास्त ओढते, तापते आणि ऐन भरणीच्या वेळी पुन्हा जळते. कागदावरचा एकजिनसीपणा आणि प्रत्यक्षातला एकजिनसीपणा यांत एवढं अंतर असतं. वेगळेपण शाबूत ठेवलं म्हणून तर सरासरी चालत होती.

आता कचेरीत येऊ.

एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. मोजायचा महसूल मंडळात, पर्जन्यमापकात. साध्या पर्जन्यमापकाचं तोंड किती? मोठं धरलं तरी २०० चौरस सेंटिमीटर. मंडळ १०० चौरस किलोमीटरचं समजा. भागाकार करून बघा: मंडळाच्या ५०० कोटी तुकड्यांपैकी एका तुकड्यावर पडलेला पाऊस बाकीच्या सगळ्यांच्या वतीने जबाब देतो. इतक्या मतदारांच्या वतीने बोलायचा अधिकार आजवर कुठल्या आमदारालाही मिळालेला नाही.

आणि आपला पाऊस कसा? आपले म्हातारे सांगतात, बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. असल्या पावसात मापकात ६४ आले तर सगळं मंडळ कोरडं. ज्याचा बांध फुटला त्यानेही स्वतःला कोरडं समजावं. ६६ आले तर ज्याच्या रानात शिंतोडाही नाही तो अतिवृष्टिग्रस्त. पीकविम्यातही तेच. मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली उतरलं पाहिजे. तुमचं एकट्याचं उतरून उपयोग नाही. बुडायचं तर शेजाऱ्याला घेऊन बुडा.

इथे कुणी म्हणेल, मग सरासरी खोटी का? तसं नाही. येलदरीच्या धरणाला विचारा. त्याचं पाणलोट क्षेत्र अफाट. कुठल्या शिवारात जास्त पडला आणि कुठल्या कमी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला एकूण हवं. धरणाच्या मापाने सरासरी पाऊस हा प्रामाणिक आकडा आहे. दोन एकरांच्या मापाने तोच आकडा थाप. आकडा एकच, विचारणारा बदलला.

हा नियम उघड्यावर पाहायचा असेल तर नारायणगावजवळ खोडदला जावं. तिथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आपल्या डोक्यात अँटेनाची तबकडी म्हणजे भरीव पत्रा. इथे पत्रा नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या ०.५५ मिलिमीटर तारांची जाळी आहे. भोकं मधल्या भागात १० मिलिमीटरची, पुढे १५, कडेला २०. जाळीतून आभाळ स्वच्छ दिसतं, वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात. पण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरीला ही भोकं जाणवतच नाहीत. ती येते आणि भरीव आरशावरून परतावं तशी परतते. प्रकाशाला विचारा, तो म्हणेल नुसती भोकं आहेत. दोघेही खरं बोलतात, कारण दोघांची लांबी वेगळी. खोडदच्या लोकांनी भोकाचा आकार ठरवण्याआधी विचारलं, येणारी लहर केवढी? मंडळाचा आकार ठरवताना कुणी विचारलं होतं का, येणारा शेतकरी केवढा?

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ची, २,६०० कोटींच्या खर्चाला मान्यता एप्रिल २०२३ ची. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि गुरुत्वीय लहरी टिपायला अतिशय नेमके आरसे. अमेरिकेतल्या लायगोच्या आरशांवर धातूचा मुलामा नाही. सिलिका आणि टँटलम ऑक्साइड, दोन्ही पारदर्शक, यांचे थर आलटून पालटून चढवलेले. पारदर्शक अधिक पारदर्शक भागिले दोन, सरासरी काय येईल? पारदर्शक. प्रत्यक्षात मात्र लेसरचा जवळपास सगळा प्रकाश मागे फिरतो. सगळ्यात कडक आरशातून दहा लाखांतले मोजकेच कण पलीकडे निसटतात. कारण प्रत्येक थराची जाडी त्या थरातल्या प्रकाशलहरीच्या साधारण पाव हिश्श्याएवढी ठेवलेली. थर लहरीच्या मानाने नगण्य नसला की सरासरी साफ तोंडघशी पडते, आणि प्रत्येक थर आपापली हजेरी मांडतो. सरासरीवाल्यांच्या हाती हे काम दिलं असतं तर आरशाऐवजी खिडकी बसली असती.

बरं, हा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत परभणीतच होता. जिल्हा तोडला त्या दिवशी ढगांना नोटीस गेली नव्हती. तरी त्या तारखेपासून परभणीची सरासरी वेगळी आणि हिंगोलीची वेगळी. पदार्थविज्ञानात यासाठी एक कसोटी आहे: पदार्थाचा तुकडा पाडला, जाड केला, पातळ केला, तरी त्याच्या गुणधर्माचा आकडा बदलता कामा नये. काचेची फोड केली म्हणून काचेचा अपवर्तनांक बदलत नाही. बदलला तर तो आकडा पदार्थाचा नव्हे, तुम्ही पाडलेल्या तुकड्याचा. आमचे निम्मे आकडे या कसोटीला नापास होतील, पण परीक्षा घेतो कोण?

रचलेल्या पदार्थांच्या या विद्येतला आपल्या देशातला थोर माणूस म्हणजे जगदीशचंद्र बोस. १८९० च्या दशकात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी मिलिमीटर-सेंटिमीटरच्या विद्युतलहरी तयार केल्या आणि त्यांच्या वाटेत नाना वस्तू ठेवून पाहिल्या. एकदा रेल्वेचं जाडजूड ब्रॅडशॉ वेळापत्रक घेतलं आणि पानांमध्ये कथलाचा वर्ख सारला. लहरींना एका दिशेने वाट मिळाली, दुसऱ्या दिशेने बंद. रेल्वेच्या वेळापत्रकाचा एवढा भरवशाचा उपयोग त्यानंतर कुणाला जमलेला नाही. १८९८ मध्ये त्यांनी तागाच्या जुड्या पिळून ठेवल्या. उजव्या पिळाच्या जुड्यांनी लहरीचं कंपनाचं प्रतल एका बाजूला फिरवलं, डाव्या पिळाच्यांनी दुसऱ्या बाजूला. साखरेच्या द्रावणात प्रकाशाचं जे होतं ते त्यांनी तागात करून दाखवलं. आणि दोन्ही पीळ समसमान मिसळले, तेव्हा एकूण परिणाम शून्य.

पण त्या शून्यावरून बोसांनी तागाला पीळ नव्हता असा निष्कर्ष काढला नाही. प्रत्येक जुडी आपल्या जागी पिळलेलीच होती. आमच्याकडे अतिवृष्टी आणि अवर्षण समसमान मिसळलं की शून्य येत नाही, ‘सर्वसाधारण’ येतं. पीळ कुणाला बसला हा प्रश्न आमच्या रकान्यात नाही.

शास्त्रज्ञही मोहात पडतात, हे सांगितलं पाहिजे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात स्मिथ, शेल्बी आणि शुल्ट्झ यांनी तांब्याच्या कड्या आणि पट्ट्या मांडून एक प्रिझम बनवला आणि लहरीला उलट्या बाजूला वळवून दाखवलं. ऋण अपवर्तनांक! रशियाच्या वेसेलागो यांनी १९६७ मध्ये कागदावर मांडलेली गोष्ट खरी झाली. कौतुक रास्तच. पण त्या मांडणीतला एकेक कप्पा ५ मिलिमीटरचा आणि लहर जेमतेम २.९ सेंटिमीटरची, एका लहरीत सहाच कप्पे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ म्हणतो तेव्हा प्रकाशाची लहर पाण्याच्या रेणूहून हजार पटींनी मोठी असते. सहा कुठे आणि हजार कुठे? तरी पुढे अशा कप्प्यांचे आकडे धडाधड काढले गेले आणि काही आकड्यांत भलताच प्रकार दिसू लागला. निर्जीव तांब्याची ती मांडणी एका हिशेबाने ऊर्जा खाण्याऐवजी देते आहे असं कागद म्हणू लागला. २००४ मध्ये अखलेश लखटकिया आणि रिकार्डो डेपाइन यांनी, तसंच एफ्रोस यांनी जाहीर आक्षेप घेतला. ते आकडे काढणाऱ्या लेखकांनी उत्तर दिलं: विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही आकडे एकत्र धरा, एकूण हिशेब तोट्याचाच येतो, ही गंमत कप्पे लहरीच्या मानाने फार बारीक नसल्यामुळे उद्भवते. वाद छापून झाला, कसोटी ठरली: पदार्थ फुकटात ऊर्जा देतो असं सरासरी म्हणत असेल, तर आधी सरासरी तपासा. आपल्याकडे पिकं उभी करपलेली असताना नजरअंदाज पैसेवारी पन्नास पैशांच्या वर येते. तिथे तपासलं जातं ते शेतकऱ्याला.

शेवटचा मुद्दा तारांचा. समांतर तारांचं रान उभं केलं की लांब लहरींशी ते विरळ आयनीभूत वायूसारखं (प्लाझ्मासारखं) वागतं, हे रॉटमन यांनी १९६२ मध्ये सांगितलं होतं आणि १९९६ मध्ये पेंड्री यांनी त्याला नवी झळाळी दिली. पण २००३ मध्ये बेलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तारा कितीही दाट लावा, हा पदार्थ साध्या अर्थाने एकजिनसी होत नाही. कारण तार लांब असते. तिच्यातला प्रवाह इथल्या क्षेत्रावर ठरत नाही, लांबवर काय घडतंय त्यावर ठरतो. एका ठिकाणचा आकडा त्या ठिकाणापुरता पुरत नाही.

येलदरीकरांना हे शिकवायला परदेशातून कुणी यायला नको. पूर्णा उगम पावते अजिंठ्याच्या डोंगरात. वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण. तिथे भरलं, दरवाजे उघडले, की येलदरीत पाणी चढतं. मग येलदरीच्या माळावर पाऊस पडो न पडो. जिवंत साठा ८०९.७७ दलघमी, मृत साठा १२४.६७, आणि दोन्हींचं भवितव्य दुसऱ्या जिल्ह्यातल्या आभाळावर. शिवाय इथून सोडलेलं पाणी आधी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि कालवे तिथून सुटतात. धरण उशाला असलेल्या माणसाला ‘धरण शंभर टक्के’ ही बातमी पेपरातच प्यायला मिळते. तालुक्याच्या पावसावरून तालुक्याचं पाणी सांगणारा तक्ता म्हणजे लांब तारेला एका टोकाला हात लावून दुसऱ्या टोकाचा जबाब लिहून घेणं.

मग तारांचं काय केलं? २००८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डेमेत्रियाडू आणि पेंड्री यांनी उपाय मांडले. तारांना ठरावीक अंतरावर धातूच्या चकत्या जोडा किंवा तारांवर चुंबकीय लेप द्या. लांबवरची गडबड आवरते आणि मांडणी खऱ्या अर्थाने एकजिनसी माध्यमासारखी वागू लागते. कप्पा लहान करता येत नसेल तर त्याच कप्प्याची विद्युत धारकता वाढवतात, म्हणजे तो जास्त लांब लहरीला साद देतो आणि तिच्या मानाने बारीक ठरतो. सगळ्या उपायांत एक गोष्ट सारखी आहे: सरासरी जुळत नाही म्हटल्यावर ते पदार्थ दुरुस्त करतात. आमच्याकडे दुरुस्त होतो तो निकष, तोही शासन निर्णयाने, आणि लागू मागील तारखेपासून.

गावोगावी ग्रामपंचायतीत पाऊस मोजायची यंत्रं बसणार अशी घोषणा झालेली आहे. चांगलं आहे, ५०० कोटींतला एक तुकडा जाऊन पाच-दहा होतील. यंत्र बसेल, त्यावर कबुतर बसेल, तोवर एक स्वस्त मागणी आहे. तिला निविदा लागत नाही, सर्वेक्षण लागत नाही, दौरा तर मुळीच लागत नाही. प्रत्येक सरासरीखाली एक ओळ छापा: ‘हा आकडा अमुक चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रालाच लागू. त्याहून लहान क्षेत्रासाठी वापरू नये.’ औषधाच्या बाटलीवर छापतात, लिफ्टमध्ये छापतात, ट्रकच्या मागे रंगवतात. पावसाच्या पत्रकावर छापायला कुणाचं काय जातं?

जात असेल तर हरकत नोंदवा. फक्त हरकत घेणाऱ्याने आपली जमीन किती एकर, कोणत्या मंडळात आणि गेल्या खरिपात तिने काय दिलं, हेही अर्जात लिहावं. आलेल्या अर्जांची सरासरी काढली जाणार नाही.